तांग घोड्याचे पाय घोट्यात तडकतात, हिरवा रंग फिरोजी येतो: चिनी थडग्यांतली मातीची जनावरं करताना काय चुकतंय?

मातीकाम_नागपूर

नमस्कार मंडळी. शाळेच्या इतिहास दालनासाठी प्राचीन चीनमधल्या थडग्यांत सापडणाऱ्या मातीच्या जनावरांच्या प्रतिकृती करून राहिलो. एकूण चार नग आहेत: तांग काळातला तीन रंगांच्या झिलईचा घोडा, दोन वशिंडांचा उंट, हान काळातला हिरवा कुत्रा आणि डुकराचा खुराडा. घोडा भाजून झाल्यावर ४० सेंमी उंच हवा.

माती फायरक्ले आणि बॉल क्ले, निम्मी निम्मी. साचा पीओपीचा, डावा आणि उजवा असे दोन भाग, पाय धडासोबतच निघतात. पोट पोकळ, मांड्या भरीव. खाली मातीची पाटी जोडलेली आहे. भट्टी विजेची, ११०० अंशांपर्यंत जाते.

अडचणी अशा. वाळतानाच चारही पाय घोट्याजवळ तडकतात. एक घोडा कच्च्या भाजणीत (झिलई लावण्याआधीची पहिली भाजणी) मागच्या मांडीपाशी फुटला, साधारण दीडशे अंशांच्या आसपास. झिलईत कॉपर कार्बोनेट घातलं की पानासारखा हिरवा न येता फिरोजी येतो. आणि चौथं, सगळ्याच जनावरांना झिलई हवी की काहींना नुसता रंग? मुलं हात लावणार आहेत, त्यामुळे शिसं नको.

आवा_आणि_चाक

घोट्याची तड आधी घेऊ, कारण ती मातीमुळे कमी आणि पाटीमुळे जास्त आहे.

पाटी लाकडी फळीवर ठेवून वाळवत असाल तर ती फळीला चिकटून बसते. घोडा आकसतो, पाटी आकसत नाही, आणि सगळा ताण सर्वांत बारीक जागी जातो. ती जागा म्हणजे घोटा. पाटीखाली वर्तमानपत्राचे दोन थर आणि त्यावर चाळलेली कोरडी वाळू पसरा, म्हणजे ती मोकळेपणी सरकते. पाटी आणि घोडा एकाच मळणीच्या, एकाच ओलाव्याच्या मातीचे हवेत. आज केलेली पाटी आणि चार दिवसांपूर्वीचा घोडा जोडला तर तडा जाणारच. पाटीच्या कडा आधी वाळतात आणि वर उचलल्या जातात, म्हणून कडांवर प्लास्टिकची पट्टी ठेवायची, मधला भाग उघडा.

पाटी काढूनच टाकावी असं वाटेल, पण काढू नका. तांग घोड्यांखाली पातळ चौकोनी पाटी असते ती केवळ उभं राहायला नाही. भाजताना पाय फाकू नयेत, चारही खूर एका पातळीत राहावेत हे काम ती करते.

आता माती. निम्मी बॉल क्ले म्हणजे आकस फार आणि अंगात दाणा नाही. ४० सेंमीच्या जनावराला ग्रॉग, म्हणजे भाजलेल्या मातीचा दळलेला चुरा, पाहिजेच. वजनाने असं घ्या: फायरक्ले ४०, बॉल क्ले २५, चायना क्ले १०, क्वार्ट्झची पूड १०, ग्रॉग १५. ग्रॉग ३० ते ६० मेशमधला (मेश म्हणजे चाळणीच्या एका इंचातली छिद्रं), त्याहून जाड घेतला तर कान आणि लगामाचे पट्टे खरखरीत निघतात. या मिश्रणाचा वाळणं आणि भाजणं धरून आकस दहा टक्क्यांच्या आसपास येईल, पण तुमच्या पोत्यातल्या मातीवर ते ठरतं. १० सेंमी लांबीची खूण केलेली पट्टी भाजून मोजा. दहा टक्के निघाला तर ४० सेंमीच्या घोड्यासाठी मूळ नमुना साडेचव्वेचाळीस सेंमीचा लागेल. गावाकडची काळी माती यात चुकूनही मिसळू नका, ती पाणी पिऊन फुगते आणि वाळताना तितकीच चिरते.

साच्याचे भाग तुम्ही कमी केलेत. तांग कारागीर भाजलेल्या मातीच्या साच्यांत माती दाबून भाग काढायचे आणि मग जोडायचे: धडाचे दोन अर्धे, डोकं वेगळं, पाय वेगळे, कान, शेपूट आणि खोगिराचे तपशील हाताने. तुमच्या दोन भागांच्या साच्यात हनुवटीखाली, पोटाखाली आणि पायांच्या आतल्या बाजूला माती अडकते. ती ओढून काढताना घोट्याला न दिसणारी चीर पडते आणि वाळताना ती उघडते. म्हणजे तुमच्या तडांचं दुसरं कारण हेच. मानेसकट धडाचे दोन, डोक्याचे दोन आणि प्रत्येक पायाचे दोन असे तुकडे करा. काम वाढतं, नग वाचतात.

साच्यासाठी पीओपी १०० ग्रॅमला पाणी ७० ग्रॅम, भिंत ३ ते ४ सेंमी. साचा भट्टीवर ठेवून कडक वाळवू नका, पन्नास अंशांच्या वर गेला की प्लास्टर भुसभुशीत व्हायला लागतं. नागपूरच्या चितारओळीत मूर्तींचे साचे करणाऱ्यांना हे विचारायची गरज पडत नाही, पण विजेच्या भट्टीवाले हमखास हा घोळ करतात.

भिंत ८ ते १० मिमी, सगळीकडे सारखी. मांडी गुडघ्यापर्यंत पोकळ, गुडघ्याखाली भरीव, जाडी १८ ते २० मिमी. जोडताना दोन्ही कडा माती अर्धवट कडक असताना खरवडा, त्याच मातीची दाट राबडी लावा, दाबा आणि आतल्या बाजूने सांध्यावर मातीची वळी दाबून बसवा. बाहेरून सांधा घासून सपाट केला की काम झालं असं वाटतं, पण आतून वळी नसेल तर तोच सांधा झिलईच्या भाजणीत पाठीवर रेघ होऊन वर येतो.

फुटण्याबद्दल. मातीतला हवेचा बुडबुडा फोडतो असं सगळीकडे सांगतात. फोडते ती वाफ. भरीव मांडीच्या गाभ्यात ओल राहिली, भट्टी शंभराच्या वर गेली, वाफेला वाट मिळाली नाही, संपलं. बुडबुड्यात ओल साठते म्हणून तो बदनाम. पोटाखाली ४ ते ५ सेंमीचं भोक ठेवा. तांग घोड्यांच्या पोटाखाली असं उघडं तोंड असतं. छिन सम्राटाच्या मातीच्या फौजेतल्या रथाच्या घोड्यांनाही पोटाच्या बाजूला गोल भोक ठेवलेलं आहे, तेही भाजताना वाफ आणि गरम हवा निघावी म्हणूनच. मान आणि डोकं पोकळ असेल तर ती पोकळी धडाच्या पोकळीला जोडलेली आहे ना हे जोडण्याआधी बघा. डोकं बंद डबा झालं तर पोटाच्या भोकाचा त्याला काही उपयोग नाही.

भाजणी: ९० ते ९५ अंशांवर सहा ते आठ तास, झरोका उघडा. झरोक्यासमोर काच धरा, धुकं आलं तर अजून वाफ आहे, थांबा. नंतर ताशी ६० अंशांनी ६०० पर्यंत, कारण ५७३ अंशांच्या आसपास क्वार्ट्झ एकदम फुगतो आणि जाड-पातळ सांधे तिथेच तडकतात. पुढे ताशी १२० ने १०८० पर्यंत, अर्धा तास तिथे. उतरतानाही सहाशे ते पाचशे हा टप्पा हळूच.

उंटाला एक वेगळी गोष्ट लागते. मान वर फेकून ओरडणारा उंट करणार असाल तर मानेचं वजन पुढे पडतं. पोटाखाली त्याच मातीचा टेकू द्या आणि तो तसाच भाजून मग काढा. विटेचा टेकू देऊ नका, उंट आकसून खाली येतो, वीट जागेवर राहते आणि पोट आत दबतं.

कन्हानकाठ

वरचं सगळं मान्य, पाटी सोडून. घोडा आणि पाटी वेगवेगळे भाजून नंतर इपॉक्सीने जोडले तर घोट्याची कटकटच उरत नाही. दालनात कोण खालून बघणार आहे?

आवा_आणि_चाक

कटकट उरते, जागा बदलते. पाटीशिवाय भाजला की १०८० ला पाय थोडे तरी फाकतात, एक खूर वर राहतो. मग पाटी घासा, नाहीतर खुराखाली इपॉक्सीचा ढीग करा. लहान कुत्रा-डुकराला तुमची युक्ती चालेल, पाय आखूड आणि जाड असतात. घोड्याला नाही.

आणि सध्या नागपुरात जे ऊन आहे त्यात वाळवण्याची पद्धतच उलटी ठेवावी लागते. एप्रिल-मेमध्ये, नवतप्यात तर विशेष, हवा इतकी कोरडी असते की कान आणि घोटे काही तासांत पांढरे पडतात आणि धड अजून ओलं. म्हणून बारीक भाग झाकायचे, जाड भाग उघडे ठेवायचे: घोट्यांना, कानांना, शेपटीला ओल्या सुती चिंध्यांच्या पट्ट्या गुंडाळा आणि रोज थोड्या थोड्या सैल करत चला. धड उघडं. कूलरच्या झोतात कधीही नाही. झोत एका बाजूने येतो, ती बाजू आधी आकसते आणि घोडा वाकतो. पावसाळ्यात हेच काम तीन आठवडे घेईल, तेव्हा घाई करून सरळ भट्टीत घातलात की परत फुटणार. वाळला की नाही हे रंगावरून ओळखू नका. मांडीला गाल लावा, गार लागली तर आत ओल आहे.

मातीकाम_नागपूर

पाटीखाली वाळू, हे डोक्यातच आलं नव्हतं. सध्या प्लायवर ठेवून राहिलो. झिलईचं कोणी सांगेल का? फ्रिट (झिलईसाठी आधीच वितळवून दळलेली काच) खुर्ज्याहून मागवलेलं आहे, पाकिटावर फक्त अल्कलाइन लिहिलंय.

झिलई_झरोका

तिथेच उत्तर आहे. तांबं ज्या काचेत विरघळतं त्या काचेवर त्याचा रंग ठरतो. सोडा-पोटॅश जास्त असलेल्या, म्हणजे अल्कलाइन, झिलईत तांबं फिरोजी होतं, शिशाच्या झिलईत पानासारखं हिरवं. तांग कारागिरांची झिलई शिशाची होती, वजनाने साधारण निम्मं शिशाचं ऑक्साइड. म्हणून तांब्याने हिरवा, लोखंडाने मधाळ पिवळा ते तपकिरी, कोबाल्टने निळा, आणि काही न घालता राहिलेला भाग खालच्या पांढऱ्या अंगामुळे दुधाळ. चिनी भाषेत याला सानत्साय म्हणतात, तीन रंगांची झिलई, जरी प्रत्यक्षात रंग कधी दोन असतात तर कधी चार.

शिसं नको हा तुमचा निर्णय बरोबरच आहे, आणि इथे एक धोक्याची गोष्ट सांगायला हवी. तांबं घातलेल्या शिशाच्या झिलईतून शिसं जास्त सुटतं. हिरवी शिसेदार झिलई ही त्यातल्या त्यात वाईट. जनावर शोभेचं असलं तरी झिलई घोटणं, चाळणं, शिंपडणं हे सगळं तुमच्याच नाकासमोर होतं.

शिशाशिवाय जवळात जवळ जायचं तर अल्कलाइन फ्रिट परत करा आणि कॅल्शियम बोरेटचं घ्या, सोडा कमी असलेलं. १०४० अंशांसाठी सुरुवातीचं मिश्रण: फ्रिट ८०, चायना क्ले १२, क्वार्ट्झ ८. या शंभर भागांत हिरव्यासाठी कॉपर कार्बोनेट ३ आणि लाल आयर्न ऑक्साइड पाऊण भाग. ते पाऊण भाग लोखंड निळसरपणा मारून हिरव्याला पानाकडे ओढतं, पण दीडच्या पुढे गेलात की शेवाळी होतो. पिवळ्या-तपकिरीसाठी लाल आयर्न ऑक्साइड ५. खरं सांगायचं तर बोरॉनमध्ये लोखंड शिशाइतकं झळकत नाही, जरा मंद येतं, ते स्वीकारा. निळ्यासाठी कोबाल्ट कार्बोनेट ०.४, तेवढ्यानेच भरपूर होतं. हार्डवेअरच्या दुकानात फरशीसाठी मिळतो तो लाल ऑक्साइड घेऊ नका, त्यात भेसळ आणि चुना असतो, झिलईला फोड येतात.

सगळं ८० मेशच्या चाळणीतून दोनदा. १०० ग्रॅम पुडीला ७० ते ८० मिली पाणी, अर्धा ग्रॅम सीएमसी (डिंकासारखी चिकट पूड). सीएमसी का, तर तुमचा घोडा १०८० ला भाजलेला आहे, तो पाणी कमी पितो आणि झिलई ओघळून पातळ राहते. तांग काळातही क्रम हाच होता: आधी अंग चढ्या तापाला, साधारण १००० ते ११०० अंश, मग झिलई त्याहून खाली, ८०० ते ९०० अंश. शिशामुळे ते इतकं खाली जमायचं. तुम्ही १०४० वर असाल. लावण्याआधी घोडा ६०-७० अंशांपर्यंत गरम करा, हाताला सोसवेल न सोसवेल इतका, म्हणजे झिलई धरते.

अंगाचा रंग फायरक्लेमुळे बदामी येईल. त्यावर सरळ झिलई लावली तर दुधाळ भाग मळकट दिसतो. जोडकाम संपल्यावर, माती अर्धवट ओली असतानाच, पांढरी राबडी लावा: चायना क्ले ५०, बॉल क्ले २५, क्वार्ट्झ १५, फ्रिट १०. दोन पातळ हात. जाड एक हात दिला तर भाजताना पापुद्रा सुटतो. हीही नवी युक्ती नाही, अंग पुरेसं पांढरं नसलं की खाली पांढरा थर देण्याची पद्धत जुनीच.

आता लावण्याची रीत, कारण तांग घोडा घोड्यासारखा दिसतो तो आकारामुळे, पण तांग दिसतो तो ओघळांमुळे. रंग काठोकाठ भरू नका. पाठीवर आणि आयाळीजवळ जाड, खाली येताना पातळ, आणि खुराच्या १५ मिमी वर थांबा. भाजताना झिलई स्वतःच खाली उतरते, एक रंग दुसऱ्यात शिरतो, पोटाच्या कडेला थेंब जमतो. खरे नमुने जवळून पाहिलेत तर मांडीच्या मागे हिरवा पिवळ्यात शिरून कडेला गडद बारीक रेघ झालेली दिसते आणि पायाशी झिलई वेड्यावाकड्या काठाने थांबलेली असते, खाली कोरडी माती. तो कोरडा भाग आळशीपणा नाही. झिलई पाटीवरून भट्टीच्या फळीपर्यंत वाहिली की नग फळीसकट तोडावा लागतो. अंगावर पांढरे ठिपके हवे असतील तर तिथे आधी वितळलेल्या मेणाचे थेंब टाका, झिलई तिथे धरत नाही.

चाचणीच्या पट्ट्या उभ्या भाजा. आडव्या पट्टीवर सगळ्या झिलया गुणी दिसतात.

बारीक जाळीसारख्या रेषा येतील. तांग झिलईलाही त्या आहेत, दालनासाठी हरकत नाही. मात्र त्या रेषांबरोबर झिलईचे पापुद्रेही सुटू लागले तर अंगातला क्वार्ट्झ कमी-जास्त करून बघावा लागेल.

घोड्याच्या खोगिराला झिलई लावायची की नाही हे तुम्ही कोणता नमुना धरलाय त्यावर. काही घोड्यांचं खोगीर कोरडं ठेवून भाजल्यावर रंगवलेलं आहे. काहींच्या मानेला खाच आणि शेपटीच्या जागी भोक आहे, तिथे बहुधा खरे केस बसवत असत. ते करायचं तर खाच ओल्या मातीतच काढा, भाजल्यावर घासून काढाल तर कड तुटते.

जुनी_पाटी

चौथा प्रश्न सगळ्यांनी सोडला. सगळ्या जनावरांना झिलई नाही, आणि तुमची चार जनावरं एकाच टेबलावर एकाच माहितीफलकाखाली ठेवू नका.

हान राजवट इसवी सन पूर्व २०६ ते इसवी सन २२०. तांग ६१८ ते ९०७. तुमचा कुत्रा आणि तुमचा घोडा यांच्यात पाचशे-सहाशे वर्षं आहेत. कोबाल्टचा निळा हान झिलईत नाही, त्यामुळे कुत्र्यावर उरलेला निळा टाकायचा मोह झाला तर आवरा.

हान काळातही दोन वेगळ्या तऱ्हा आहेत. पश्चिम हानचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे शीआनजवळचं यांगलिंग, सम्राट जिंगचं थडगं. तो इसवी सन पूर्व १४१ मध्ये वारला. तिथल्या खड्ड्यांत गुरं, मेंढ्या, बकऱ्या, डुकरं, कुत्रे, कोंबड्या रांगांनी उभी आहेत, राखाडी मातीची, आणि त्यांना झिलई नाही. भाजल्यानंतर रंग दिलेला आहे. मातीची माणसंही आहेत, सुमारे ६० सेंमी उंच, त्यांचे हात लाकडाचे होते आणि अंगावर कपडे, दोन्ही कुजून गेले. तुमच्या मुलांना हा भाग नक्की आवडेल.

तुम्ही म्हणता तो हिरवा कुत्रा आणि खुराडा पूर्व हानचा. लालसर मातीवर तांब्याची हिरवी शिसेदार झिलई, एकच रंग, ओघळ-बिघळ काही नाही. कुत्रा ठेंगणा, छाती भरलेली, कान ताठ, शेपूट पाठीवर वळलेली, आणि मान व छाती यांच्यावरून पट्टा जाऊन पाठीवर कडीत अडकलेला. तो पट्टा विसरलात तर तो आपल्या गल्लीतला होतो. सिचुआनकडचे कुत्रे मोठे, लाल मातीचे, झिलईविना. खुराड्याचं वैशिष्ट्य असं की अनेक नमुन्यांत चौकोनी भिंतीच्या आत डुक्कर, आणि कोपऱ्यावर उंचावर संडास, खाली उघडा. शेतीत खत कसं फिरत होतं ते या एका खेळण्याएवढ्या वस्तूत दिसतं. शाळेत लाजून तो भाग वगळू नका.

म्हणून तुमच्या चारांपैकी घोडा आणि उंट तीन रंगांत, कुत्रा आणि खुराडा एकरंगी हिरव्यात. पाचवं जनावर घालता आलं तर यांगलिंगच्या पद्धतीचं डुक्कर किंवा बकरी करा, झिलईविना. त्याची कृती सोपी आहे. ९०० अंशांवर भाजा. राखाडी अंग हवं तर विजेच्या भट्टीत ते होणार नाही, हवा मोकळी असते आणि माती लाल किंवा बदामी होते. मडक्यांच्या आव्यात शेवटी तोंडं बंद करून धूर कोंडला की लोखंड काळपट-राखाडी होतं. ओळखीच्या कुंभाराच्या आव्यात काळी मडकी भाजताना तुमची दोन जनावरं ठेवून द्या. ते जमत नसेल तर काजळी आणि खडू मिसळून राखाडी हात द्या. वर पांढऱ्यासाठी चायना क्ले, तांबड्यासाठी गेरू, पिवळ्यासाठी पिवळी माती, काळ्यासाठी काजळी, सगळं सरसाच्या पातळ पाण्यात. मूळ तांबडा पुष्कळदा हिंगुळाचा असे. हिंगुळात पारा आहे, मुलांच्या हाताजवळ तो आणू नका. सरस जास्त झाला तर रंग चकाकतो आणि वाळून पापुद्रा धरतो. बोटावर घासून पाहा: पूड लागली तर सरस कमी, आरशासारखी चमक आली तर जास्त.

उंटासाठी नमुना हवा तर शीआनला १९५७ मध्ये श्यान्यू तिंगहुई या ७२३ साली वारलेल्या सेनानीच्या थडग्यात निघालेला उंट बघा, उंची ५८.४ सेंमी, पाठीवर वादकांचा ताफा. शाळेसाठी वादक झेपणार नाहीत, पण मान आणि केसांचे झुपके त्यावरून घ्या. साधा मालवाहू उंट करायचा तर दोन वशिंडांच्या मध्ये दोन्ही बाजूंना लोंबणारी थैली, तिच्यावर राक्षसी तोंड, शेजारी रेशमाचे पिळे आणि पाण्याचा चंबू. आपल्याकडचा राजस्थानी उंट समोर ठेवून करू नका, त्याला वशिंड एकच.

इतवारी_बाजार

राजेहो, थोडं विषयांतर. ऑनलाइन बरेच जण तांग घोडा दहा-पंधरा हजारांत विकून राहिले, सोबत प्रमाणपत्र. शाळेने एक खरा घेतला तर?

जुनी_पाटी

नका घेऊ. त्या भावात जे येतं ते आजचं काम असतं. चीनमधल्या लोयांग शहराच्या परिसरात सानत्सायच्या प्रतिकृती उघडपणे, चांगल्या करतात, आणि त्याच नंतर माती चोपडून जुन्या म्हणून फिरवल्या जातात. प्रतिकृती म्हणून हव्या तर खुशाल घ्या.

खरी परीक्षा थर्मोल्युमिनेसन्सची. न दिसणाऱ्या जागी, बहुतेक पाटीखाली किंवा पोटाच्या आत, छोट्या ड्रिलने काही मिलिग्रॅम पूड काढतात. माती शेवटची कधी तापली ते त्या पुडीतल्या कणांत साठलेल्या ऊर्जेवरून कळतं. पण ही परीक्षा त्या भोकापुरतीच बोलते. जुन्या तुटक्या पायावर नवं धड चढवलं असेल आणि पूड पायातली असेल तर निकाल जुना येतो. कृत्रिम किरणोत्सार देऊन फसवण्याचेही प्रकार झाले आहेत. म्हणून एका कागदाला भुलू नये.

कायद्याचंही आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू आपल्याकडे १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येते. चीनमधून अशा वस्तू बाहेर नेण्यावर कडक बंदी आहे. अमेरिकेने जानेवारी २००९ मध्ये चीनशी करार करून तांगअखेरपर्यंतच्या पुरावस्तूंच्या आयातीवर बंधनं घातली. पूर्वी मोठ्या प्रमाणावर वस्तू बाहेर गेल्या त्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, लोयांगकडे रेल्वे टाकताना थडगी उकरली गेली तेव्हापासून. ब्रिटिश म्युझियममध्ये तांग सेनानी ल्यू थिंगश्युनच्या नावाने ओळखला जातो तो घोडे, उंट आणि रक्षकांचा संच आहे, थडगं ७२८ सालचं. त्याचे फोटो मोठ्या आकारात उपलब्ध आहेत, तुमच्या घोड्यासाठी ते पुरेत.

त्या काळचं काही प्रत्यक्ष पाहायचंच असेल तर भारतातच आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या मध्य आशियाई संग्रहात पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनने १९१५ मध्ये पश्चिम चीनमधल्या तुर्फानजवळच्या अस्ताना दफनभूमीत उकरलेल्या मूर्ती आहेत. त्यांत घोड्यावर बसलेली बाई आहे, भाजलेली नाही, नुसती वाळलेली माती आणि वर रंग. त्या वाळवंटात पाऊस नाही म्हणून ती टिकली. जाण्याआधी ते दालन उघडं आहे का ते विचारून घ्या.

मातीकाम_नागपूर

सगळ्यांचे आभार. पाय वेगळे, पाटीखाली वाळू, फ्रिट बदलतो, पाचवं डुक्कर नक्की. एकच राहिलं: फोटोंत हान कुत्र्यावर हिरव्याच्या वर चांदीसारखी झाक दिसते. ती झिलईत काय घालून येते?

झिलई_झरोका

घालून येत नाही. शेकडो वर्षं ओल्या जमिनीत राहून शिशाच्या झिलईचा वरचा भाग झिजतो, पातळ पातळ थर तयार होतात आणि त्या थरांतून उजेड परततो तेव्हा ती झाक दिसते. नवीन असताना तो कुत्रा साधा चकचकीत हिरवाच होता.

त्यामुळे अभ्रकाची पूड घासू नका, मोत्याचा रंग फवारू नका. दोन्ही हाताळून महिन्याभरात निघतात आणि मुलांच्या बोटांना लागतात. कुत्रा हिरवा ठेवा. कुत्र्याच्या झिलईत लोखंडाचं प्रमाण एक भागापर्यंत न्या, हान हिरवा तांगपेक्षा जरा गडद दिसतो. आणि त्याला पांढरी राबडी देऊ नका, खालची माती लालसरच हवी: वरच्या मिश्रणातल्या फायरक्लेपैकी निम्मी काढून तिथे मडक्यांची लाल माती घाला. मात्र मग १०८० पर्यंत चढवू नका, लाल माती तिथे बसायला लागते. कच्ची भाजणी १००० आणि झिलई ९८० ला वितळणारं मऊ फ्रिट घेऊन. त्याची चाचणी वेगळी करा, घोड्याचं फ्रिट त्या तापाला कच्चं राहील.

आवा_आणि_चाक

आणि लाल मातीचा आकस वेगळा येईल, कुत्र्याचा नमुना काढण्याआधी तिचीही पट्टी भाजून मोजा. खुराड्याच्या भिंती सपाट पट्ट्यांच्या आहेत, त्या वाळताना वाकतात. दोन फळ्यांमध्ये वर्तमानपत्र घालून दाबून वाळवा, अर्धवट कडक झाल्यावरच उभ्या करून जोडा. डुक्कर आतल्या फरशीला जोडून भाजा. सुटं ठेवलंत तर पहिल्याच दिवशी कोणाच्या तरी दप्तरात जाईल.